कोकणात आधी ऊतींचे दान

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शाळा-महाविद्यालयांतून अवयवदानाच्या फेऱ्या निघतात. ३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिन आहे. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले, आणि मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदाही त्याच वर्षीचा. फेरीतल्या फलकांवर लाल हृदय असते, मूत्रपिंडांची जोडी असते, यकृत असते. पावसात भिजत मुले घोषणा देतात, प्रतिज्ञापत्रे भरून घेतली जातात, दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर छायाचित्र येते. यामागच्या सद्भावनेविषयी मला शंका नाही. माझा आक्षेप निराळा आहे. कोकणातल्या बहुतेक मृत्यूंना जे देणे शक्यच नाही ते आपण ठळक अक्षरांत मागतो, आणि जे देणे त्यांना सहज शक्य आहे ते फलकाच्या तळाशी बारीक टायपात उरते. या किनारपट्टीवर पारपटलाच्या, म्हणजे दवाखान्यात ज्याला कॉर्निया म्हणतात त्या ऊतीच्या दानाला सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने आणि शाळांनी पहिले स्थान द्यावे, आणि अवयवदानाचा प्रचार जिथे ते घडू शकते त्या ठिकाणांकडे वळवावा, असे माझे मत आहे. या मताला आधार भावनेचा नाही. आपले शरीर ज्या पद्धतीने रचलेले आहे आणि ज्या क्रमाने मरते, त्याचा आहे.

शरीराची रचना शाळेत शिकवली जाते ती एका शिडीसारखी: पेशी, पेशींच्या समूहाची ऊती, ऊतींचा अवयव, अवयवांची संस्था आणि संस्थांचे शरीर. ऊती चार प्रकारच्या, अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता, हे मुले पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. पाठ करताना एक गोष्ट मात्र निसटते. या पायऱ्या एकमेकींवर नुसत्या ठेवलेल्या नाहीत. वरच्या पायरीवर गेले की पेशीचे स्वातंत्र्य कमी होते आणि तिचे परावलंबन वाढते. तळ्यातला अमीबा स्वतःचा प्राणवायू स्वतः मिळवतो. यकृताच्या पोटात खोलवर बसलेल्या पेशीला ते शक्य नाही. तिच्यापर्यंत प्राणवायू पोचतो तो फुप्फुसांनी घेतला, रक्ताने वाहिला आणि हृदयाने ढकलला म्हणून. अवयव जितका मोठा, जाड आणि कामसू, तितका तो रक्ताभिसरणाला बांधलेला. संस्थेची ताकद आणि संस्थेची दुबळी जागा या दोन्ही याच बांधणीतून येतात.

म्हणूनच मृत्यू ही एका क्षणाची घटना आहे असे आपण व्यवहारात धरत असलो तरी शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो वरून खाली उतरत जाणारा क्रम आहे. आधी संस्था थांबतात: श्वास बंद होतो, हृदय थांबते. त्यानंतर चार-पाच मिनिटांतच मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते, कारण चेता ऊतीइतकी प्राणवायूची भूक दुसऱ्या कुठल्याही ऊतीला नाही. हृदयाचा स्नायू, मूत्रपिंड, यकृत हेही उष्ण शरीरात रक्ताविना फार काळ तग धरत नाहीत. पण त्याच देहातली त्वचा, हाडे, हृदयाच्या झडपा आणि डोळ्याचे पारपटल यांतल्या पेशी कित्येक तास जिवंत असतात. डॉक्टरांनी नाडी पाहून मान हलवली, घरात रडारड सुरू झाली, तरी त्या माणसाच्या डोळ्याच्या पुढच्या काचेतल्या पेशी अजून आपले काम करत असतात. ऊतींचे सगळे दान या काही तासांच्या फटीत बसलेले आहे.

मृत्यूनंतर हृदय, फुप्फुसे, यकृत किंवा मूत्रपिंडे देता यावीत म्हणून आपल्याकडे व्यवहारात एक विशिष्ट प्रकारचा मृत्यू लागतो. मेंदूचा स्तंभ मृत झाला आहे, पण अतिदक्षता विभागात श्वसनयंत्राच्या आधारे छाती हलते आहे आणि हृदय धडधडते आहे, अशी ती अवस्था. कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ती प्रमाणित करायची असते. त्यानंतर काढलेले हृदय किंवा फुप्फुसे चार ते सहा तासांत दुसऱ्या छातीत बसून चालू व्हावी लागतात. यकृताला थोडा अधिक अवधी मिळतो, मूत्रपिंडाला साधारण एक दिवस. आता हे सारे कोकणाच्या नकाशावर ठेवून पाहावे. सावंतवाडीहून मुंबई रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि महामार्ग पूर्ण होईल तेव्हा होईल. गंभीर जखमी माणसाला रत्नागिरीकर आंबा घाटाने कोल्हापूरला नेतात, चिपळूणकर कुंभार्ली चढून कराडकडे किंवा थेट मुंबईला, आणि सिंधुदुर्गातले लोक गोव्यात बांबोळीला. म्हणजे ज्याच्या बाबतीत मेंदूमृत्यूचा प्रश्न येऊ शकतो असा कोकणी माणूस बहुधा कोकणाबाहेरच्या रुग्णालयात असतो. उरलेले, विशेषतः वृद्ध, अजूनही बहुतांशी घरच्या पडवीत, माजघरात किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या खाटेवर शेवटचा श्वास घेतात. त्यांच्या प्रतिज्ञापत्रावर हृदय आणि यकृत या रकान्यांत केलेल्या खुणा कितीही मनापासून केलेल्या असोत, त्यांचा उपयोग होण्याची शक्यता शून्याजवळ आहे, आणि हे त्यांना कोणी सांगत नाही.

पारपटलाचे गणित याच्या अगदी उलट आहे. मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, सुमारे बारा मिलिमीटर रुंदीची ही पारदर्शक चकती शरीराच्या रचनेतला एक अपवाद आहे, कारण तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. रक्तवाहिन्या असत्या तर त्यातून आरपार दिसले नसते. तिला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून. आणि साखर मिळते ती आतल्या बाजूच्या नेत्रजलातून. हृदय थांबल्याने तिची रसद त्याच क्षणी तुटत नाही. शिवाय रक्ताशी थेट संबंध नसल्यामुळे शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेची नजरही तिच्यावर कमी पडते, आणि त्यामुळे नेहमीच्या रोपणात दात्याचा आणि घेणाऱ्याचा रक्तगट जुळवत बसावे लागत नाही. मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९५४ साली बोस्टनमध्ये झाले आणि तेही जुळ्या भावांमध्ये, कारण परक्या अवयवाला शरीर स्वीकारत नव्हते. पारपटलाचे पहिले यशस्वी रोपण एडुआर्ड झिर्म यांनी तेव्हाच्या ऑस्ट्रियातल्या ओलोमोत्समध्ये १९०५ सालीच केले होते. या जवळपास पन्नास वर्षांच्या अंतराचे एक मोठे कारण शल्यचिकित्सकांच्या हातात नव्हे, त्या ऊतीच्या स्वभावात आहे.

या चकतीच्या आतल्या पृष्ठभागावर षट्कोनी पेशींचा एकच थर असतो. प्रौढ माणसात दर चौरस मिलिमीटरला सुमारे अडीच हजार पेशी. त्या अखंड एक काम करतात: पारपटलात झिरपणारे पाणी बाहेर उपसतात. मधल्या जाड थरातले कोलॅजनचे तंतू ठरावीक अंतरावर, शिस्तीत रचलेले असतात म्हणून प्रकाश त्यातून न विखुरता जातो; पाणी शिरले की ते अंतर बिघडते आणि काच धुरकट होते. मृत्यूनंतर या पंप करणाऱ्या पेशी हळूहळू थकतात, पाणी शिरते आणि डोळा पांढरट होऊ लागतो. कोकणातल्या माणसाला हे शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. हर्णैच्या लिलावात किंवा मालवणच्या बाजारात बांगडा घेताना गिऱ्हाईक आधी डोळा पाहते, आणि मासळीवालीही तोच पुढे करते: “डोळो बघा बाय, ताजो आसा.” ताज्या बांगड्याचा डोळा फुगीर आणि लखलखीत असतो, खालची काळी बाहुली स्पष्ट दिसते, शिळ्याचा खोल गेलेला आणि दुधाळ. कल्ला उचलून तिथला लाल रंगही पाहिला जातो, पण अनुभवी बाई डोळ्यावर अधिक विश्वास ठेवते. मानवी नेत्रदान सहा तासांच्या आत का व्हावे लागते, याचे उत्तर मासळीबाजारातल्या प्रत्येक घमेल्यात पडलेले आहे. नववीच्या वर्गात ऊतींची व्याख्या फळ्यावर लिहिण्याऐवजी एक ताजा आणि एक आदल्या दिवशीचा बांगडा ताटलीत ठेवून पारपटल कात्रीने सोडवून मुलांच्या बोटावर ठेवले, तर ती मुले अभिस्तर ऊती म्हणजे काय हे जन्मभर विसरणार नाहीत. आपल्या शाळांना हे सुचत नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

इथे एका शास्त्रीय हरकतीची दखल घेतली पाहिजे. पारपटलाला निव्वळ ऊती म्हणणे काटेकोर नाही, कारण त्यात अभिस्तर आहे, संयोजी ऊतीचा जाड थर आहे आणि चेतातंतूंचे दाट जाळेही आहे. त्वचेचेही तेच. पाठ्यपुस्तके तिला शरीरातला सर्वांत मोठा अवयव म्हणतात, पण प्रत्यारोपणाच्या व्यवहारात ती ऊतींच्या यादीत बसते. १९९४ च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन त्याच्या नावात आणि कक्षेत ऊतींचा समावेश झाला, तेव्हा रक्त वगळता विशिष्ट कार्य करणारा पेशींचा समूह अशी ऊतीची मोघम व्याख्या करण्यात आली. जीवशास्त्राच्या प्राध्यापकाला ती अपुरी वाटेल, मला ती व्यवहाराला पुरेशी वाटते. कारण इथे खरी सीमारेषा रचनेच्या गुंतागुंतीची नाही. काढून नेलेल्या भागाच्या रक्तवाहिन्या नव्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांना ताबडतोब शिवाव्या लागतात का, हा प्रश्न आहे. लागत असतील तर तो भाग घड्याळाचा आणि अतिदक्षता विभागाचा कैदी आहे. लागत नसतील तर तो बाटलीत घालून गाडीने पाठवता येतो.

ऊतींचा विचार वैद्यकात आला तोच मुळी मृतदेहांच्या अभ्यासातून. झाविए बिशा हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ १८०२ साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी वारला. तोवर त्याने सूक्ष्मदर्शकाचा आधार न घेता, देह कापून, शिजवून, वाळवून, आम्लात बुडवून, वेगवेगळ्या अवयवांत पुन्हा पुन्हा भेटणारे एकवीस प्रकारचे ऊतक वेगळे काढले होते. रोग अख्ख्या अवयवाला होतो ही तेव्हाची समजूत होती; रोग अवयवातल्या एखाद्या ऊतीला होतो आणि बाकीच्या ऊती निरोगी राहू शकतात, हे त्याचे म्हणणे होते. पेशींचा सिद्धान्त श्लायडेन आणि श्वान यांनी १८३८-३९ मध्ये मांडला, म्हणजे ऊतींची कल्पना पेशींच्या सिद्धान्ताहून आधीची आहे. आजच्या नेत्रशल्यचिकित्सेत बिशाचे म्हणणे शब्दशः उतरलेले दिसते. पूर्वी पारपटल पूर्ण जाडीचे बदलत. आता आतला थर निकामी झाला असेल तर तेवढाच बदलतात, पुढचा भाग गढूळ असेल तर तेवढाच, आणि त्यामुळे एका दात्याच्या एकाच पारपटलाचे थर दोन रुग्णांना देणेही शक्य झाले आहे. जपानमध्ये किनोशिता आणि सहकाऱ्यांनी आतल्या थराच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून थेट डोळ्यात टोचल्या आणि ११ रुग्णांवरचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. म्हणजे उपचार शिडीवरून पायरी पायरीने खाली उतरत पेशीपर्यंत आला. उलट दिशेने जाण्याचा प्रयत्न किती अवघड आहे तेही २०२३ मध्ये दिसले: न्यूयॉर्कमध्ये एका रुग्णाला अख्खा डोळा बसवण्यात आला, त्यात रक्तपुरवठाही सुरू झाला, पण दृष्टी आली नाही, कारण नेत्रचेतेतले दहा लाखांहून अधिक तंतू मेंदूशी पुन्हा जोडण्याची विद्या अजून कोणाजवळ नाही. नेत्रदान म्हणजे डोळा काढून दुसऱ्याला बसवणे ही समजूत आपल्याकडे सुशिक्षितांतही आहे. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा दृष्टिपटलाचा आजार असलेल्याला दान मिळालेल्या डोळ्याने काही लाभ होत नाही. लाभ होतो तो फक्त पारपटल गढूळ झाल्याने अंधत्व आलेल्याला.

अशी माणसे कोकणात कुठून येतात? शेतातून, खाणीतून. भात कापणीच्या आणि झोडणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ जाते. चिरेखाणीत यंत्राच्या पात्यासमोर बिनचष्म्याने उभ्या असलेल्या मजुराच्या डोळ्यात जांभ्याची कपची उडते. जखम बारीक असते, पण वनस्पतीच्या कणाबरोबर बुरशी आत शिरली तर दमट हवेत ती फोफावते. मग गावठी उपाय होतात, किंवा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे थेंब आणले जातात, जे लाली तात्पुरती कमी करतात आणि बुरशीला मोकळे रान देतात. जखम भरते तेव्हा त्या जागी पांढरा व्रण उरतो. डोळ्यात फूल पडले म्हणतात ते हे. तरुण कमावत्या माणसाला हे होते, हे त्यातले अधिक वाईट. संरक्षक चष्मा आणि वेळेवर योग्य थेंब यांनी पुष्कळसे टळेल आणि ते टाळणे हेच पहिले कर्तव्य आहे, पण ज्यांचे टळले नाही त्यांना दुसऱ्याच्या पारपटलाखेरीज इलाज नाही. मागणी आणि पुरवठा दोन्ही एकाच गावात असू शकतात, आणि मधला दुवा तेवढा नसतो.

दुवा का नसतो, हे समजून घ्यायचे तर कोकणातल्या घरात मृत्यू झाल्यावर पुढचे काही तास काय घडते ते पाहिले पाहिजे. म्हातारी संध्याकाळी गेली. वाडीतले लोक जमतात, मुंबईला फोन जातो. थोरला मुलगा डोंबिवलीहून, धाकटा विरारहून, लेक पुण्याहून निघते. “पोरगे निघालेत, उजाडेपर्यंत येतील,” असे म्हणून सगळे बसून राहतात. देह जमिनीवर घोंगडी किंवा चटई अंथरून ठेवलेला, डोक्याशी दिवा, आणि वर पंखा जोरात सुरू, कारण उकडते आहे आणि माणसे आली आहेत. रात्रभर दहा-बारा तास हा देह कोणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून असतो, आणि त्यांतले पहिले सहा तास सरले की त्या डोळ्यांचा उपयोग संपतो. नेत्रदानाने अंत्यविधीला उशीर होतो, या नेहमीच्या हरकतीत कोकणापुरते तरी तथ्य नाही, कारण उशीर इथे आधीच होतो आहे. पारपटल काढायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, चेहरा विद्रूप होत नाही, मुंबईहून आलेल्या मुलाला आई तशीच दिसते. तोवर करायच्या गोष्टीही घरच्या आहेत: पापण्या नीट मिटवाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि वरचा पंखा बंद करावा. पंखा बंद करणे एवढी एक गोष्ट गावोगावच्या आशा सेविकांना ठाऊक झाली तरी अनेक पारपटले कोरडी पडण्यापासून वाचतील.

अडचण संमतीची आहे, आणि ती खरी आहे. मृत व्यक्तीने प्रतिज्ञापत्र भरले असले तरी व्यवहारात जवळच्या नातेवाइकांच्या होकाराशिवाय काही होत नाही, आणि कोकणातल्या घरात निर्णय घेणारा माणूस बहुधा गाडीत असतो. घरी असलेली सून किंवा भाऊ म्हणतो, “दादा आल्यावर बघू.” दादा येतो तेव्हा वेळ गेलेली असते. सही घरात हजर असलेल्या जवळच्या नातेवाइकाने करायची आणि दादाची संमती फोनवर घ्यायची, एवढे जर जिवंतपणी ठरलेले असेल तर हा पेच राहत नाही. पण तो संवाद कधी होणार? राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असतो, आणि पुष्कळदा गणेशोत्सव त्याच्या आत किंवा त्याला लागून येतो. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टलाच होती. वर्षातून याच दिवसांत सगळे चाकरमानी एका छपराखाली असतात. सणाच्या घरात मरणाची गोष्ट काढणे अनेकांना अशुभ वाटेल, आणि त्यांच्या मनाला बोचेल असे दडपण कोणी आणू नये. तरी आरती झाल्यावर पडवीत तास-दीड तास जमिनीच्या वाटणीपासून सातबाऱ्यापर्यंत जे विषय निघतात, त्यांत हा विषय अधिक अशुभ आहे असे मला वाटत नाही. किनाऱ्यावरच्या मुसलमान कुटुंबांत दफन लवकर उरकले जाते, तिथे वाट पाहण्याचा अवधीच नसतो. त्यांच्यापुरता हा संवाद आधी होणे अधिकच आवश्यक आहे, आणि तो त्यांच्यातल्या जाणत्यांनीच घडवावा.

माझ्या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की अवयवदानाने जीव वाचतो, पारपटलाने फक्त दृष्टी येते, तेव्हा मोठे सोडून लहान का धरायचे? याचे उत्तर, मोठे सोडायचे नाही. ते योग्य ठिकाणी मागायचे. मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झालेल्या कोकणी माणसाचे नातेवाईक ज्या रुग्णालयांच्या बाकांवर बसलेले असतात, तिथे कोकणी आणि मालवणी बोलणारा, त्यांच्या घरची घडी जाणणारा समुपदेशक असला तर शाळेच्या शंभर फेऱ्यांहून अधिक उपयोग होईल. दृष्टी गेलेल्या खाणमजुराला ती परत मिळणे ही लहान गोष्ट आहे, असे म्हणणाऱ्याने त्याच्या घरी एक दिवस काढावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो या क्षेत्रातल्या जाणकारांकडूनच येतो. घरोघरी जाऊन गोळा केलेल्या पारपटलांपेक्षा रुग्णालयात मिळालेली पारपटले अधिक चांगली ठरतात: दात्याचे वय अनेकदा कमी असते, मृत्यूची वेळ आणि कारण नक्की माहीत असते, वैद्यकीय इतिहास कागदावर असतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस, रेबीज, रक्तातला जंतुसंसर्ग अशा कारणांनी मृत्यू झाला असेल तर दान घेता येत नाही, आणि घरी मेलेल्या माणसाचे कारण बऱ्याचदा धूसर असते. उतारवयात आतल्या थरातल्या पेशीही विरळ होतात. गमावलेल्या पेशींची जागा घ्यायला त्या पुन्हा विभागत नाहीत. हा आक्षेप मान्य करूनच मी म्हणतो की सुरुवात जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांपासून व्हावी, घरांपासून नव्हे. तिथे झालेल्या प्रत्येक मृत्यूनंतर नातेवाइकांना नेत्रदानाविषयी विचारणे हा कामाचा भाग ठरावा. अपघाती मृत्यूत शवविच्छेदन व्हायचे असले तरी कायद्याने त्याला वाट ठेवलेली आहे. हे बसले की मग रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरातली गावे घ्यावीत. म्हाताऱ्या दात्याला वगळू मात्र नये. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांनी दान अडत नाही, आणि रोपणाला न चाललेले पारपटलही शिकणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली कामी येते.

हे करायला माणसे कुठून आणायची, असा प्रश्न कोकणात कुठल्याही आरोग्ययोजनेपुढे उभा राहतो, कारण तज्ज्ञ डॉक्टर इथे टिकत नाहीत. पण पारपटल काढण्याला नेत्रतज्ज्ञच लागतो असे नाही. कायद्यातल्या दुरुस्तीने हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाला करू दिलेले आहे. ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी आहेत, जे आज मोतीबिंदूच्या शिबिरांत आणि चष्म्याच्या नंबरांत गुंतलेले असतात. त्यांना प्रशिक्षण, निर्जंतुक साहित्याची पेटी आणि रात्रीअपरात्री निघेल असे वाहन द्यावे. काढलेले पारपटल साध्या पोषक द्रावात थंड ठेवले तर चार दिवस टिकते, अधिक चांगल्या द्रावात चौदा दिवसांपर्यंत. हृदयाला चार तासांत मुंबई गाठावी लागते. पारपटल दुसऱ्या दिवशीच्या कोकण रेल्वेने गेले तरी बिघडत नाही. त्वचेचेही दान सहा तासांत होऊ शकते आणि ग्लिसरॉलमध्ये ती काही वर्षे टिकते, परंतु तिला वेगळे पथक आणि त्वचापेढी लागते. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसारख्या ठिकाणी ती सोय आहे, दक्षिण कोकणात ती नंतरची पायरी ठरेल. सगळे एकदम मागितले की काहीच होत नाही, हे आपण इतर योजनांत पाहिलेच आहे.

सर्वांत कमी बोलला जाणारा भाग शेवटी राहतो, तो म्हणजे घेणाऱ्याचा. कोकणातून गोळा झालेले पारपटल मुंबईच्या नेत्रपेढीत जाईल आणि कोकणातला आंधळा मजूर प्रतीक्षेत राहील, अशी व्यवस्था झाली तर लोक काही वर्षांत पाठ फिरवतील आणि त्यांना दोष देता येणार नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपणाला लागणारा पसारा पारपटल रोपणाला लागत नाही. सूक्ष्मदर्शकाची सोय असलेले शस्त्रक्रियागृह, प्रशिक्षित शल्यचिकित्सक आणि नोंदणी हे दोन्ही ठिकाणी उभे करता येण्यासारखे आहे, आणि शासनाने आधी तेच मंजूर करावे. रोपणानंतर अनेक महिने थेंब घालावे लागतात, टाके टप्प्याटप्प्याने काढावे लागतात, आणि डोळा लाल होणे, दुखणे किंवा पुन्हा धूसर दिसणे यांपैकी काही जाणवले तर उशीर न करता तपासणी करावी लागते, कारण शरीराने परकी ऊती नाकारण्याची ती खूण असते आणि वेळेत ओळखली तर बहुधा आवरता येते. राजापूरच्या खाणमजुराला त्यासाठी दर वेळी मुंबईची गाडी पकडावी लागणार असेल, मजुरीचे दोन-तीन दिवस बुडणार असतील, तर तो चौथ्या खेपेला जाणार नाही आणि मिळालेले पारपटल वाया जाईल. ही तपासणी त्याला रत्नागिरीत, शक्य तर राजापूरच्या रुग्णालयातच नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याकडून मिळावी, आणि शंका आली तर त्याच दिवशी रत्नागिरीच्या तज्ज्ञाला दाखवता यावे, अशी जोडणी योजनेच्या पहिल्या कागदातच लिहिलेली असली पाहिजे.